एक टीव्ही, दोन आवाज

जरा तुमच्या घरचा रिमोट हातात घ्या आणि बघा, कुठल्या बटणावरची अक्षरं सगळ्यात आधी पुसली गेलीत. पैज लावते, आवाजाचं बटण असणार! घरात साठीपुढचं कुणी असेल तर 'प्लस' आणि 'मायनस' दोन्ही सारखेच झिजलेले असतील. कारण एकाने वाढवायचा आणि दुसऱ्याने कमी करायचा, हा खेळ रोज संध्याकाळी सात ते दहा, एकही ब्रेक न घेता चालू असतो.

आपल्या पिढीच्या वाट्याला हा खेळ जरा जास्तच आलाय. आठच्या लोकलने लोंबकळत घरी या, साडेआठला अमेरिकेतल्या क्लायंटचा कॉल, घर म्हणजे दोन खोल्या आणि एक हॉल, आणि त्या हॉलमधून मालिकेतली सासू थेट तुमच्या कॉलमध्ये! पलीकडचा काळजीने विचारतो, "इज एव्हरीथिंग ओके?" आता त्याला काय सांगणार, की ही ओरडणारी बाई आमच्या घरची नाही, चॅनलची आहे म्हणून?

आमच्या डोंबिवलीच्या घरातही हेच. आईला आवाज लागतो १४, बाबांना ३८. बाबांनी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात तीस वर्षं प्रेस शॉपमध्ये काढली. पत्रा दाबणारी अवजड यंत्रं, आठ-आठ तास धाडधाड. कानात कापसाचा बोळा, हीच तेव्हाची सेफ्टी. त्यात आता वय ७१. बरं, १४ आणि ३८ची सरासरी काढली तर येतात २६. २६वर आईचं डोकं दुखतं आणि बाबांना तरीही धड काही कळत नाही. म्हणजे मधला मार्ग काढून सुटणारं हे गणितच नाही.

ते सुटतं एका टीव्हीचे दोन आवाज केले की. एक हॉलसाठी, एक बाबांच्या कानांसाठी, दोन्ही एकाच वेळी चालू. किती सोप्पं, नाही? पण करायला बसलं की कळतं, टीव्ही बनवणाऱ्या बऱ्याच मंडळींनी घरात असे दोन प्रकारचे कान असू शकतात हे गृहीतच धरलेलं नाही. आजचा कॉलम त्यावर उपाय काय, याबद्दल.

'हे लोक तोंडातल्या तोंडात बोलतात!'

कमी ऐकू येणाऱ्या कुठल्याही काका-आजोबांना विचारा, ते हेच सांगतील. "मला ऐकू येतं गं व्यवस्थित. हे हल्लीचे नटच तोंडातल्या तोंडात बोलतात." आपण हसतो. पण गंमत म्हणजे त्यांना अगदी तसंच ऐकू येत असतं!

आतल्या कानात शंखासारखी एक वळलेली नळी असते. तिच्यात आवाज टिपणाऱ्या बारीक केसांसारख्या पेशी असतात. नळीच्या दाराशी असलेल्या पेशी वरच्या पट्टीचे, म्हणजे बारीक आवाज टिपतात आणि आत खोलवर असलेल्या पेशी खालच्या पट्टीचे. वयाने असो की वर्षानुवर्षांच्या गोंगाटाने, आधी मरतात त्या दाराजवळच्या. आणि एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

आता याचा मराठीशी संबंध बघा. आ, ई, ओ हे आपले स्वर खालच्या पट्टीतले आणि दणदणीत. स, श, फ, थ, त, क ही व्यंजनं वरच्या पट्टीतली आणि नाजूक. आवाज मोठा वाटतो तो स्वरांमुळे, पण शब्द कुठला ते ठरतं व्यंजनांमुळे. 'साठ'मधला 'स' हरवला की उरतो 'आठ'. क्रिकेटच्या स्कोअरमध्ये हा फरक केवढा, ते सांगायला नको! कोहली साठवर आउट झाला की आठवर, यावरून आमच्या घरी एक अख्खी संध्याकाळ वादावादी झालेली आहे.

म्हणून नुसता आवाज वाढवून भागत नाही. त्याने आधीच मोठे असलेले स्वर आणखी मोठे होतात, आणि मालिकेतलं 'धूम तनाना' पार्श्वसंगीतही. हरवलेला 'स' हरवलेलाच राहतो. शिवाय अशा कानांचा आणखी एक उफराटा स्वभाव असतो. हळू आवाज ऐकू येत नाही, पण एका मर्यादेपलीकडे गेलेला आवाज एकदम असह्य होतो. 'ऐकू येत नाही' आणि 'केवढ्याने लावलाय' यांमधलं अंतर फार थोडं उरतं. तेव्हा आधी "वाढव" आणि दोन मिनिटांत "अगं, केवढ्याने ओरडतोय तो" म्हणणारे बाबा चक्रम नसतात. कानच तसा झालेला असतो.

टीव्ही बारीक झाला, आवाजही!

दोष सगळा कानाचाच नाही. आठवतो का तो जुना डबा टीव्ही? अर्धं टेबल अडवणारा, वर क्रोशाचं कव्हर असलेला? त्याचे स्पीकर बहुतेकदा पडद्याच्या शेजारी, समोर तोंड करून असायचे. आवाज सरळ आपल्याकडे यायचा. मग टीव्ही भिंतीवर चढला, बोटभर जाड झाला, कडेची चौकट गायब झाली आणि स्पीकरला जागाच उरली नाही. आता बऱ्याच टीव्हींमध्ये ते खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. म्हणजे नट बोलतो आपल्याशी, आणि आवाज जातो भिंतीकडे! तिथून आपटून आपटून तो आपल्यापर्यंत येतो.

त्यात आपले हॉल. खाली चकचकीत टाइल्स, समोर काचेचं शोकेस, गालिचा वगैरे आपल्या हवेत कोण टाकतो? आवाज सगळीकडून परततो. वर पंखा फुल स्पीडवर, आत कुकरच्या शिट्ट्या, खाली रिक्षांचे हॉर्न. अंतराचाही हिशोब आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो. खोलीत भिंतींमुळे इतका नाही, पण घुमलेला आवाज वाढतो आणि सरळ येणारा कमी होतो. तरुण कान या गोंधळातून शब्द निवडून घेतो. थकलेल्या कानाला ते जमत नाही.

म्हणूनच हेडफोन इतका कामाचा. पंखा, टाइल्स, कुकर, दहा फुटांचं अंतर, सगळ्यांना बायपास करून आवाज थेट कानाशी पोचतो. बाबांनी पहिल्यांदा लावला तेव्हा ते चक्क म्हणाले, "अरेच्चा, ही इतकं स्पष्ट बोलते होय!" ती म्हणजे बातम्या देणारी मुलगी. आई नव्हे.

पिन घातली आणि हॉल मुका झाला

पण खरी मेख पुढेच आहे. दुकानदाराने ऐटीत सांगितलं होतं, "मॅडम, हेडफोन घ्या, विषय संपला." घरी आणून टीव्हीच्या मागच्या ३.५ मिलिमीटरच्या भोकात पिन घातली आणि टीव्हीचे स्पीकर चिडीचूप! बाबांच्या कानात रामायण, आणि आईसमोर नुसती हलणारी तोंडं. "आता मी काय मूकपट बघू?" इति आई.

बहुतेक टीव्हींचा हा जन्मजात स्वभाव आहे. हेडफोन लावला म्हणजे माणूस एकटा बघतोय आणि त्याला इतरांना त्रास द्यायचा नाही, असं धरून चालतात. ब्लूटूथचंही बऱ्याचदा तसंच. हेडफोन जोडला की स्पीकर बंद.

आणि समजा, कान बंद करणारा हेडफोन चालू ठेवून स्पीकरही चालू राहिले, तरी अर्धंच काम होतं. बाबांनी दोन दिवस तसं करून बघितलं आणि तिसऱ्या दिवशी हेडफोन काढून टीपॉयवर ठेवला. म्हणाले, "यात टीव्ही ऐकू येतो, पण ही काय बोलते ते कळत नाही."

मला वाटतं, सगळा विषय या एका वाक्यात आहे. आपल्याकडे टीव्ही कुणी गप्प बसून बघत नाही. मालिका चालू असताना आई अखंड कॉमेंट्री करते. "ही बघ, परत तीच साडी." "हा आता जिन्यावरून पडणार." बाबा त्यावर हुं करतात, कधी उलटून बोलतात, मग दोघं हसतात. मालिका निमित्त असते हो! तो हुं जर बंद झाला, तर बाबांना मालिकेचे सगळे संवाद ऐकू येऊनही काय उपयोग? एक माणूस सोफ्यावर असूनही घरात नाही, असं होतं. कमी ऐकू येणाऱ्यांच्या बाबतीत हेच हळूहळू घडत जातं. आधी ते "काय?" विचारतात, मग विचारणं सोडतात, मग लग्नाकार्यांत कोपऱ्यातली खुर्ची धरतात. डिमेन्शियावरच्या 'लॅन्सेट' आयोगाने २०१७, २०२० आणि २०२४ अशा तिन्ही अहवालांत, टाळता किंवा कमी करता येण्याजोग्या धोक्यांमध्ये ऐकू कमी येणं मोजलं आहे. एकटेपणा त्याच यादीत आहे. तेव्हा प्रश्न फक्त आवाजाच्या आकड्याचा नाही, बॉस.

थोडक्यात, आपल्याला हव्यात तीन गोष्टी. स्पीकर चालू, हेडफोन चालू, आणि हेडफोन असा की शेजारचं माणूसही ऐकू यावं.

पहिला उपाय फुकटात

खरेदीला पळण्याआधी टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये शिरा. 'साउंड आउटपुट' आणि 'ॲक्सेसिबिलिटी' हे दोन मेन्यू शोधा. सॅमसंगच्या अलीकडच्या अनेक टीव्हींमध्ये ॲक्सेसिबिलिटीत 'मल्टी-आउटपुट ऑडिओ' नावाची सोय असते. ती चालू केली की टीव्हीचा स्पीकर आणि ब्लूटूथ हेडफोन एकाच वेळी वाजतात आणि हेडफोनचा आवाज स्पीकरपेक्षा मोठा ठेवता येतो. एलजीच्या अनेक मॉडेल्समध्ये आवाजाच्या मेन्यूत टीव्ही स्पीकर आणि वायरचा हेडफोन असा जोड पर्याय दिसतो. इतर कंपन्यांत नावं वेगळी, आणि स्वस्त मॉडेल्समध्ये ही सोय नसतेही. नवीन टीव्ही घ्यायचा असेल तर शोरूममध्ये पडद्याचे रंग बघण्याबरोबर हेही करून दाखवायला सांगा. सेल्समन आधी गोंधळेल, पण दाखवेल!

दुसरा उपाय: टीव्हीच्या पाठीमागे

मेन्यूत नाही मिळालं तर टीव्हीच्या मागे टॉर्च मारा. 'ऑडिओ आउट' लिहिलेली लाल-पांढरी गोल भोकं दिसतात का? किंवा 'ऑप्टिकल' लिहिलेलं, आत लाल उजेड असलेलं चौकोनी दार? त्यांतून येणारा आवाज बऱ्याच टीव्हींमध्ये स्पीकर बंद न करता बाहेर पडतो. तिथे वायरलेस हेडफोनचा ट्रान्समीटर जोडायचा. लाल-पांढऱ्यात सरळ वायर लागते. ऑप्टिकलला मध्ये एक छोटी कन्व्हर्टरची डबी लागते, काही ट्रान्समीटरमध्ये ती आतच असते.

एक टीप लिहून ठेवा. ऑप्टिकल जोडूनही हेडफोनमध्ये शुकशुकाट असेल तर डबी परत करायला धावू नका. टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये 'डिजिटल आउटपुट' हे 'ऑटो' किंवा 'डॉल्बी'वरून 'पीसीएम'वर आणा. साध्या डब्यांना डॉल्बीची भाषा कळत नाही.

तिसरा उपाय: सेट-टॉप बॉक्सची आयडिया

आमच्या घरी शेवटी हाच जमला, कारण आमच्या टीव्हीत वरचं काहीच नव्हतं. बऱ्याच सेट-टॉप बॉक्सना एचडीएमआयबरोबर जुन्या पद्धतीची लाल-पांढरी-पिवळी भोकंही असतात, काहींना त्याऐवजी एकच छोटं एव्ही भोक. दोन्हीकडून आवाज एकाच वेळी बाहेर येतो! मग एचडीएमआय टीव्हीला, आणि लाल-पांढरी वायर ट्रान्समीटरला. पिवळी चित्राची, ती मोकळी सोडायची. बॉक्सचा आवाज पूर्ण वर ठेवायचा आणि नंतर त्याला हात लावायचा नाही. हॉलचा आवाज टीव्हीच्या रिमोटवर आणि बाबांचा आवाज हेडफोनवरच्या चकतीवर.

आई १४वर खूश, बाबा आपल्या चकतीवर खूश, आणि दोघांचे रिमोट वेगळे. संसारात याहून मोठं सुख नाही, असं आईचं म्हणणं! एकच अडचण. टीव्हीतल्याच ॲपवर सिनेमा लावला तर आवाज बॉक्समधून येत नाही. तेव्हा ओटीटीसाठी वरचे दोन उपाय.

ब्लूटूथची घाई नको

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या वायरी कशाला, ब्लूटूथ आहे की! आहे, पण ते उशिरा पोचतं. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज आवळून पाठवायचा आणि पलीकडे पुन्हा उलगडायचा, यात साधारण १५० ते २५० मिलिसेकंद जातात. तुलनेसाठी सांगते, दहा फुटांवरच्या स्पीकरचा आवाज हवेतून आपल्यापर्यंत यायला लागतात जेमतेम ९ मिलिसेकंद.

एकटा हेडफोन असेल तर टीव्ही चित्रही तेवढंच थांबवून सांभाळून घेऊ शकतो. पण स्पीकर आणि हेडफोन दोन्ही चालू असले की एकाच चित्राला दोन वेगळ्या वेळांचे आवाज कसे जुळवणार? बोलण्याचे दोन आवाज साधारण ४०-५० मिलिसेकंदांच्या आत आले तर मेंदू ते एकच मानतो. त्याहून जास्त अंतर पडलं की प्रतिध्वनी ऐकू येतो. सार्वजनिक गणपतीत दोन मंडळांचे कर्णे एकदम ऐकल्यासारखं!

शिवाय कमी ऐकू येणारी माणसं नकळत ओठ वाचत असतात. हरवलेला 'फ' ते ओठांवरून भरून काढतात. ओठ आधी आणि आवाज नंतर आला तर तो आधारही जातो. म्हणून या कामाला, स्वतःचा ट्रान्समीटर असलेले रेडिओ लहरींवरचे हेडफोन बरे. त्यातल्या ॲनालॉग प्रकारात उशीर जवळजवळ नसतोच. ब्लूटूथच घ्यायचं तर 'लो लेटन्सी' ट्रान्समीटर आणि हेडफोन दोन्हीकडे आहे ना ते बघा. एकीकडे असून फायदा नाही.

हेडफोन घेताना कानाचा डबा पूर्ण बंद करणारा नको. मागून जाळीदार, मोकळ्या धाटणीचा घ्या, म्हणजे शेजारचं बोलणं आत येतं. स्टेथोस्कोपसारखे हनुवटीखाली लोंबणारे हलके सेटही मिळतात, ज्यांना डोक्यावर पट्टा नको वाटतो त्यांच्यासाठी बरे. आणि अंगठ्याने सहज फिरेल अशी आवाजाची चकती हवीच. बारीक टचवाले इअरबड्स सत्तरीच्या बोटांना देऊ नका, ते सोफ्याच्या फटीतच राहतील.

वायर-बियर काहीच नको असेल तर एक छोटा स्पीकर थेट त्यांच्या खुर्चीच्या हाताशी ठेवून बघा. तो वायरने जोडलेला असला तर उत्तम. दहा फुटांचं अंतर दीड फुटावर आणलं की निम्मं काम होतं. आणि खर्च करण्याआधी प्रयोग करायचा तर आयफोन आणि एअरपॉड्सवर २०१८पासून 'लाइव्ह लिसन' आहे, अँड्रॉइडवर २०१९पासून 'साउंड ॲम्प्लिफायर'. फोन टीव्हीच्या स्पीकरजवळ ठेवायचा आणि कानात आवाज ऐकायचा. रोजच्या वापराला तितकं चांगलं नाही, पण हेडफोनने फरक पडतो का, ते एका संध्याकाळी कळतं.

कानात मशीन असेल तर?

श्रवणयंत्र लावणाऱ्यांनी त्यावर हेडफोन चढवताना जरा बघावं. कानामागच्या यंत्राचा माइक वर असतो, तो हेडफोनच्या गादीखाली दाबला गेला की शिट्टी वाजते. मोठ्या, कान पूर्ण झाकणाऱ्या गादीत माइकला जागा मिळाली तर जमतं. पण त्याहून सोयीचं म्हणजे यंत्राच्याच कंपनीचा टीव्ही स्ट्रीमर. तो टीव्हीला जोडला की आवाज सरळ यंत्रात, त्या माणसाच्या कानाच्या मापाने सुधारून येतो. आणि यंत्राचा माइक चालू ठेवता येत असल्यामुळे आईची कॉमेंट्रीही! यंत्रात 'टी' म्हणजे टेलिकॉइल असेल तर गळ्यात घालायचा लूपही चालतो.

पुढची गंमत म्हणजे 'ऑराकास्ट'. २०२२मध्ये या नावाने जाहीर झालेलं हे ब्लूटूथचं नवं तंत्र. रेडिओ स्टेशनसारखा टीव्ही आवाज सोडतो आणि कितीही जण आपापल्या हेडफोनवर किंवा श्रवणयंत्रावर, आपापल्या आवाजात तो ऐकू शकतात. टीव्ही आणि कानातलं यंत्र दोन्ही त्या तंत्राचं हवं, ही अट. नवीन खरेदीच्या वेळी हे नाव लक्षात असू द्या.

पण आधी कान दाखवा

हे सगळं करण्यापूर्वी एक काम. ईएनटी डॉक्टरकडे जा. कधीकधी कानात नुसता मळ घट्ट बसलेला असतो आणि आपण टीव्ही बदलायला निघालेलो असतो! मळ नसेल तर ऑडिओलॉजिस्टकडून ऑडिओग्राम करून घ्या, म्हणजे कुठली पट्टी किती गेलीय त्याचा नकाशा हातात येतो. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला १९८३पासून अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. एका कानाने अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येईनासं झालं तर मात्र रविवारची वाट बघू नका. ती इमर्जन्सी असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने साठीपुढच्या चारांतल्या एकाहून जास्त जणांना अडचण होण्याइतकं कमी ऐकू येतं. इतकी साधी, इतकी घरोघरची गोष्ट. तरीही चष्मा मिरवणारी माणसं कानाचं नाव काढलं की बिथरतात. तेव्हा विषय काढताना "तुम्हाला ऐकू येत नाही" असं सुरू करू नका. "बाबा, माझा साडेआठचा कॉल असतो, हे जरा लावून बघा ना" हे जास्त चालतं. त्यात खोटं काहीच नाही. गरज दोन्हीकडची असते.

बारीकसारीक युक्त्याही असतात. टीव्हीत 'क्लिअर व्हॉइस' किंवा 'स्पीच' असा मोड असेल तर तो लावा, 'सराउंड' बंद करा, बास कमी करा. पंखा एकने कमी. खुर्ची दोन फूट पुढे. आणि सबटायटल्स! माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने २०१९मध्ये मानकं काढली. वृत्तवाहिन्यांनी दिवसातून एकदा सांकेतिक भाषेसह बातम्या द्याव्यात आणि करमणूक वाहिन्यांनी आठवड्यातून किमान एक कार्यक्रम सबटायटल्स किंवा सांकेतिक भाषेसह दाखवावा, असं त्यांत आहे. थेट प्रक्षेपणाला, म्हणजे आपल्या क्रिकेटलाही, त्यातून सूट. आठवड्यातून एक! मालिका मात्र आठवड्याचे सहा दिवस. ओटीटीवर सबटायटल्स भरपूर, पण मराठी मालिकेखाली बऱ्याचदा इंग्रजी ओळी. आईची सासू कशी भांडते, ते बाबांनी इंग्रजीत का वाचायचं?

आता जाता जाता तुमच्या कानांविषयी. हो, तुमच्याच! घाटकोपरच्या गर्दीत गाण्याचा आवाज पूर्ण वर नेऊन उभे असता ना? जागतिक आरोग्य संघटना सांगते, ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ठीक. ९० डेसिबलवर गेलात तर आठवड्याला फक्त ४ तास. लोकल, जिम आणि ऑफिस मिळून ते चार तास मंगळवारीच संपतात. बाबांच्या पिढीचे कान प्रेस शॉपने खाल्ले, तिथे त्यांना पगार तरी मिळत होता. आपण तेच पदरचे पैसे खर्चून करतोय.

असो. या रविवारी सकाळी पोहे झाले की टीव्ही भिंतीपासून जरा पुढे ओढा, टॉर्च घ्या आणि मागे काय काय भोकं आहेत त्याचा एक फोटो काढा. दुकानात तोच दाखवायचा. धूळ बरीच असेल, रुमाल बांधून जा!